नाल्याकाठची भेग आणि शिवारातला जुना चढ : सातपुड्याच्या पायथ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या, सातपुड्याला खेटून असलेल्या केळीच्या पट्ट्यातलं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ज्या खुणांवरून जागा ओळखता येईल त्याही गाळल्या आहेत. शेतकऱ्यांना तसा शब्द दिलेला आहे. का, ते पुढे येईल.

चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतून उत्तरेकडे पाहिलं की सातपुडा हळूहळू चढत गेलेला दिसत नाही. सपाटी संपते आणि डोंगर उभा राहतो, तोही जवळजवळ सरळ रेषेत. डोंगरातून सुकी, मोर, गूळ, अनेर या नद्या आणि असंख्य नाले उतरतात. पायथ्याला उतार एकदम कमी होतो आणि पाण्याने आणलेले गोटे, वाळू, माती तिथेच पंख्यासारखी पसरते. असे पंखे एकमेकांत मिसळून जो पट्टा बनतो त्याला इथले भूजलवाले बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी सर्वात जास्त मुरतं ते या पट्ट्यात, आणि केळीसाठी सर्वात जास्त उपसलं जातं तेही इथूनच. रावेर आणि यावल तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी प्रसिद्ध झाले ते यामुळेच.

या पट्ट्याच्या दक्षिणेला तापीचा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे आणि उत्तरेला थोड्याच अंतरावर काळा बेसाल्ट उघडा पडलेला आहे. इतक्या कमी अंतरात इतका फरक नुसत्या झिजेने पडत नाही. इथून एक मोठा भ्रंश जातो, म्हणजे अशी खोल फट, जिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेले असतात. त्याला तापी उत्तर भ्रंश म्हणतात. अडावदजवळचं उनपदेव आणि शहादा तालुक्यातलं उनपदेव हे गरम पाण्याचे झरे याच पायथ्याच्या पट्ट्यात आहेत. खोल गेलेलं पाणी तिथे तापतं आणि खडकातल्या तडांतून परत वर येतं.

खान्देशात भूकंप ही लातूर-कोयनेकडची गोष्ट समजली जाते. पण १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्याचं केंद्र सुमारे ४० किलोमीटर खोल होतं. इतक्या खोल भूकंपाची फाट जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे शिवारात दाखवता येईल अशी त्याची खूण राहिली नाही, आणि खूण नसली की आठवणही लवकर पुसते. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच नर्मदा-तापीच्या मोठ्या कमकुवत पट्ट्यातला. तोही सुमारे ३५ किलोमीटर खोल होता आणि त्यानेही जमीन फाडली नाही. भूकंपात टिकतील अशा बांधकामांसाठीचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांनुसार जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे भाग तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतात. म्हणजे मध्यम धोका. गावात हे कुणाला माहीत नव्हतं.

काय घडलं

२०२३ चा ऑगस्ट देशभरात शंभराहून अधिक वर्षांतला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरच्या मध्यात मात्र पाऊस तुटून पडला. त्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतकऱ्याला आपल्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, लांबलचक भेग दिसली. ती नाल्याच्या काठापासून पंचवीस-तीस मीटर आत होती. काही ठिकाणी पाय जाईल इतकी रुंद, आणि नाल्याकडची बाजू वीतभर खाली बसलेली. केळीच्या दोन ओळी कलंडल्या होत्या. ठिबकच्या नळ्या ताणून तुटल्या होत्या. भेगेच्या पश्चिम टोकाजवळ काठावर चार घरांची वस्ती होती. रात्री मोठा गडगडाट ऐकू आल्याचं वस्तीतल्या सगळ्यांनी सांगितलं.

त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिथे भ्रंशाची फाट जमिनीवर तीनशे किलोमीटरहून जास्त लांब उमटली होती. त्या दिवसांत जगभर फिरलेली एक चित्रफीत गावातही पुन्हा फिरू लागली: ऑलिव्हच्या बागेचे दोन तुकडे झालेले आणि मधे भलीमोठी दरी. दुपारपर्यंत त्या चित्रफितीशेजारी गावातल्या भेगेचा फोटो लावून संदेश पुढे गेला की जमीन फाटली, आता मोठा भूकंप होणार. "उनपदेवाच्या खाली आग आहे, ती इकडे सरकली," हेही त्यात आलं. संध्याकाळी निम्मं गाव अंगणात झोपायच्या तयारीला लागलं, आणि बाहेरगावी दिलेल्या लेकींचे फोन सुरू झाले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ती ऑलिव्हची बाग हताय प्रांतातल्या तेपेहानची. ती दरी भूकंपाच्या हादऱ्याने झालेल्या भूस्खलनाची होती, भ्रंशाच्या फाटीची नव्हती. हादऱ्याने उताराची जमीन घसरली आणि मागे दरी राहिली. म्हणजे गावकऱ्यांनी भेगेशी जुळवलेलं चित्र दिसायला जुळत होतं आणि प्रकारातही बऱ्यापैकी जुळत होतं. फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा होता.

समोर असलेले पर्याय

सरपंचताईंनी तहसीलदारांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बैठक झाली. तलाठी, पोलीस पाटील, शेतमालक, शाळेचे मुख्याध्यापक हजर होते, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांचा आमचा छोटा गटही.

पहिली सूचना शेतमालकाची होती. जेसीबी बोलावून भेग बुजवावी, वर पाणी सोडावं आणि विषय संपवावा. त्याचं नुकसान दर दिवशी वाढत होतं, त्यामुळे त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नाही. दुसरी सूचना नाल्याकडची अर्धी वाडी रिकामी करून सर्वांना शाळेत हलवण्याची. तिसरी, वरिष्ठ यंत्रणेचं पथक येईपर्यंत कशालाही हात न लावण्याची. पथक कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं आणि पाऊस पुन्हा येणार असा अंदाज होता.

चर्चा दीड-दोन तास चालली. अखेर ताईंनी ती सोडवली. काठावरची चार घरं आजच हलवायची, कारण भेग कशाचीही असली तरी ती घरं धोक्यात आहेत. बाकीच्या वाडीला हलवायचं नाही. भेग दोन दिवस बुजवायची नाही, त्या वेळात आम्ही मोजमाप करायचं. फक्त पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर काढायचा आणि ताडपत्री टाकायची. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय हाच. घरं हलवण्यासाठी कारण ठरण्याची वाट पाहिली नाही, आणि कारण ठरण्याआधी पुरावाही बुजवला नाही. एरवी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशीच भेग मातीने भरली जाते.

भेगेची तपासणी

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत त्या दिवसांत या भागात नोंदवलेला भूकंप नव्हता. बैठकीतल्या एका अधिकाऱ्यांना एवढं पुरेसं वाटलं: भूकंप नाही म्हणजे भ्रंश नाही, विषय मिटला. आम्ही तेवढ्यावर थांबायला तयार नव्हतो. जमीन फाडण्याइतका भूकंप सहसा सहाच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो हे खरं. पण ११ नोव्हेंबर २०१९ ला फ्रान्समधल्या ल तेई गावाजवळ ४.९ तीव्रतेच्या भूकंपाने जमिनीवर फाट उमटवली, कारण तो अगदी उथळ होता. आणि काही भ्रंश हादरा न देता मुंगीच्या पावलाने सरकतात. कॅलिफोर्नियात हेवर्ड भ्रंशावर फुटपाथचे कठडे असेच वर्षानुवर्षं वाकत चालले आहेत. म्हणून यादीकडे न बघता जमिनीकडेच बघायचं ठरलं.

पहिला प्रश्न आकाराचा. भेग सुमारे १८० मीटर लांब भरली आणि सरळ नव्हती. मधे नाल्याला समांतर, आणि दोन्ही टोकं नाल्याकडे वळलेली. घसरणाऱ्या जमिनीचा माथा असाच कमानीसारखा फाटतो. भ्रंशाला नाल्याशी देणंघेणं नसतं. तो नाला, बांध, रस्ता, टेकडी सगळं ओलांडून आपल्या दिशेने जातो. पलीकडच्या काठावर आम्ही बारकाईने फिरलो. तिथे केसाएवढीही चीर नव्हती.

दुसरा प्रश्न, जमीन कोणत्या दिशेने हलली? इथे केळीच्या ओळींनी फार मदत केली. टिश्यू कल्चरची लागवड दोरीने आखलेली असते, त्यामुळे प्रत्येक ओळ ही आयती मोजपट्टी. भेग ओलांडणाऱ्या ओळींमध्ये डावीउजवीकडे सरक नव्हती. फक्त दोन झाडांमधलं अंतर नाल्याच्या दिशेने वाढलं होतं. सरक, ताण आणि दाब यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर दोनाचीवाडा-नानेल भागात एकामागे एक तिरक्या भेगांची रांग उमटली होती, ती आडव्या सरकण्याची खूण. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन दाबली गेली आणि तुटक उंचवटे वर आले. इथे निव्वळ ताण होता.

तिसरी गोष्ट खोलीची. ताडपत्री काढून भेगेवर आडवा खड्डा घेतला, अडीच मीटर खोल, दोन्ही भिंती खुरप्याने तासून साफ केल्या. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, त्याखाली गोट्यांचा थर. भेग वरून रुंद होती आणि खाली अरुंद होत नाल्याकडे झुकत गेली होती. गोट्यांच्या थराचा वरचा कडा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीत होता. खोलातून भ्रंश वर आला असता तर आधी हा थर तुटला असता आणि मग वरची माती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी नाल्याचं खोलीकरण झालं होतं आणि काठ उभे कापले होते. कोरड्या ऑगस्टमध्ये काळी माती खोलवर तडकली, सप्टेंबरचं पाणी त्या तडांतून थेट खाली गेलं, ओल्या मातीचं वजन वाढलं आणि खालून आधार नव्हता. रात्रीचा गडगडाट काठाचा एक तुकडा नाल्यात कोसळल्याचा होता. तो तुकडा वस्तीपासून थोड्या अंतरावर पडलेला सापडला.

गावाला हे सांगताना एक अडचण आली, जी अशा प्रत्येक ठिकाणी येते. "भूकंप नाही" असं ऐकायला लोक आतुर होते, आणि आम्ही तेवढंच म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण या भेगेचा भूकंपाशी संबंध नाही, याचा अर्थ या पट्ट्याचा भूकंपाशी संबंध नाही असा होत नाही. ते वाक्य त्या सभेत कसं बोलायचं, यावर आमच्यातच मतभेद होते. शेवटी बोललो. पहिल्या रांगेतल्या एका वयस्क शेतकऱ्याने, ज्यांना गाव आबा म्हणतं, त्यावर विचारलं, "मग ते कुठं दिसंल?"

जुना चढ

या प्रश्नाचं उत्तर आबांच्याच शिवारात निघालं. खड्डा बुजवण्याच्या दिवशी ते आम्हाला गावाच्या उत्तरेला घेऊन गेले. तिथे शिवाराला एक चढ आहे. डोंगराकडे जाताना उतार मंद असतो, मग साठ-सत्तर पावलांत जमीन एकदम दोन पुरुष उंच होते, आणि पुढे पुन्हा मंद. आबा म्हणाले की पूर्वी पाटाचं पाणी या चढापाशी अडायचं, आणि चढाच्या वर प्रत्येक नाला खोल आहे, खाली उथळ. त्यांनी हे शेतीच्या अडचणीचं म्हणून सांगितलं. आम्ही मात्र वहीत लिहून घेतलं, कारण जमीन एका बाजूने वर उचलली गेली की नाले नेमके वरच्या बाजूलाच खोल कापत जातात.

तापी भ्रंशावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला माहीत होता. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाळाचे पंखे काही ठिकाणी भ्रंशाने तुटून वरखाली झालेले आहेत, असं त्यात दाखवलं आहे. पंखे भूशास्त्राच्या हिशोबाने तरुण. त्यावरून गेल्या सुमारे ११,७०० वर्षांच्या कालखंडात इथे ७.६ ते ८.४ तीव्रतेचा एक किंवा अधिक भूकंप झाला असावा असा निष्कर्ष आहे. भ्रंशाची दक्षिण बाजू खाली बसत गेल्यामुळे तापीचं पश्चिमेकडे वाहणारं मोठं खोरं घडलं असावं, असंही त्यात मांडलं आहे. म्हणजे ज्या गाळावर केळी पिकते तो गाळ जमायला जागा या भ्रंशाने करून दिली. हा भ्रंश पूर्वी जमीन ताणली जात असताना खचलेला होता आणि आता भारत आणि तिबेट एकमेकांवर रेटतात त्या दाबामुळे उलटा चालतो, म्हणजे डोंगराकडची बाजू वर चढते. गोधडी एका बाजूने ढकलली की जुन्या घडीवरच वळी उठते, तसं.

हे आकडे वाचून घाबरायचं की नाही, हे भूपृष्ठावरच्या फाटीतून काय कळतं आणि काय कळत नाही यावर अवलंबून आहे. जगभरच्या फाटी मोजून ढोबळ प्रमाण काढलेलं आहे. सहाच्या भूकंपात जमिनीवरची फाट काही किलोमीटर असते, सातच्या भूकंपात साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर आणि सरक मीटरभर. म्हणून जुन्या फाटीची लांबी आणि उंची मोजली की तो भूकंप किती मोठा होता याचा अंदाज येतो, आणि या भ्रंशाची ताकद किती हे कळतं. चर खोदून तुटलेले आणि न तुटलेले थर वेगळे केले, त्यांतल्या कोळशाचं किंवा वाळूचं वय काढलं, की तो भूकंप केव्हा झाला हेही कळतं. पण तो पुन्हा केव्हा होईल हे एका घटनेवरून कळत नाही. त्यासाठी किमान दोन-तीन जुन्या भूकंपांची वयं हवीत, आणि द्वीपकल्पात दोन भूकंपांमधलं अंतर हजारो वर्षांचं असतं. किल्लारीचा प्रदेश १९९३ पूर्वी नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या क्षेत्रात होता, हा त्याचाच परिणाम. माणसाच्या इतिहासात काही घडलं नव्हतं म्हणून काही घडणार नाही असं धरलं गेलं.

उलट बाजूही तितकीच खरी. फाट नाही म्हणजे भूकंप नाही असंही म्हणता येत नाही. १९३८ आणि १९९७ ची उदाहरणं वर आलीच. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात मुख्य भ्रंशाची फाट जमिनीवर आलीच नाही. ज्या भेगा दिसल्या त्यांतल्या बहुतेक हादऱ्याने सरकलेल्या ओल्या जमिनीच्या होत्या. त्याच कच्छात १६ जून १८१९ ला अल्लाबंद नावाचा कित्येक किलोमीटर लांब बांध एका भूकंपात उभा राहिला होता.

आमच्या चढाबद्दल तीन शंका होत्या. तो नदीच्या जुन्या पात्राचा काठ असू शकतो, गाळाच्या दोन पंख्यांची सीमा असू शकते, किंवा पिढ्यान्‌पिढ्या माती अडवून झालेला बांध. आम्ही ऑटो-लेव्हल हे उंची मोजायचं यंत्र लावून तीन ठिकाणी उत्तर-दक्षिण छेद घेतले, म्हणजे एका रेषेत जमिनीची उंची मोजत गेलो. तिन्ही छेदांत पायरी सुमारे चार मीटरची आली, आणि ती एकापाठोपाठ दोन नाल्यांना आडवी ओलांडत होती. पात्राचा काठ नाल्याच्या सोबतीने जातो, त्याला आडवा जात नाही. पहिली शंका बरीचशी गेली. बाकी दोन नुसत्या छेदांनी जात नाहीत. त्यासाठी चर हवा.

शाळेच्या खोल्या आणि पाण्याची टाकी

इथे प्रकरणाला वेगळं वळण लागलं. चढाच्या माथ्यावर, उंच जागा म्हणून, जिल्हा परिषद शाळेच्या दोन नव्या खोल्या आणि गावाची पाण्याची टाकी आखलेली होती. टाकीचा पाया खोदून झाला होता. शाळेचं काम सुरू व्हायचं होतं.

आमच्याकडे पुरावा होता तो संशयाचा, सिद्धतेचा नव्हता. अभियंत्यांनी स्पष्ट विचारलं, "हा भ्रंश आहे असं लिहून देता का?" आम्ही देऊ शकत नव्हतो. आम्ही लिहून दिलं ते एवढं: ही पायरी भ्रंशाची असण्याची शक्यता आहे, चर खोदल्याशिवाय ती नाकारता येत नाही, आणि जिथे माणसं, विशेषतः मुलं, रोज जमतील अशी इमारत तिच्या अंगावर बांधू नये. सान फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने १९७२ मध्ये सक्रिय भ्रंशावर घरं बांधायला बंदी करणारा कायदा केला, तिथे भ्रंशापासून साधारण १५ मीटर अंतर पाळतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे सगळं पटवून देण्यावर होतं. उलट्या भ्रंशात वर उचललेल्या बाजूची जमीन जास्त रुंदीत मोडते, हेही सांगितलं. म्हणून माथ्यावरची जागा पायथ्यापेक्षा वाईट.

शाळेसाठी दुसरी जागा मिळाली ती गावठाणाच्या दक्षिणेला, सपाट. तिथल्या कुटुंबाने बक्षीसपत्र करून दिलं. मुख्याध्यापकांनी या कामासाठी महिनाभर तहसील कार्यालयाच्या चकरा मारल्या, आणि खोल्या हलल्या याचं मोठं श्रेय त्यांना. टाकी मात्र हलली नाही. निविदा झालेली, पाया खोदलेला, जलवाहिनी आखलेली. जागा बदलली असती तर पाणी वर्षभर लांबलं असतं आणि उन्हाळ्यात टँकर लागला असता. ताईंनी टाकी तिथेच ठेवायची ठरवली, आणि पायाचं डिझाइन तिसऱ्या क्षेत्राच्या तरतुदींनुसार पुन्हा तपासून घेतलं. मला तो निर्णय आवडला नाही, पण गावाने समजून-उमजून घेतलेला होता, त्यामुळे त्याला चूक म्हणायला मी तयार नाही. टाकी पडली तर नुकसान मोठं; पण टाकीत दिवसभर मुलं बसत नाहीत.

यात एका मुद्द्याकडे दुर्लक्ष होत होतं, तो मी सभेत पुन्हा पुन्हा मांडला. फाट पडेल ती काही मीटरच्या पट्ट्यात. हादरा बसेल तो संपूर्ण खोऱ्याला, आणि तापीच्या जाड मऊ गाळात तो वाढेल. किल्लारीत बहुतेक माणसं गेली ती जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या वजनाखाली. फाटीत कुणी पडलं नाही. आपली धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं त्याच जातीची. नव्या शाळेच्या खोल्यांना जोत्याच्या पातळीवर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटचे पट्टे घेतले. वाडीतल्या जुन्या घरांपैकी ज्यांना छत बदलायचंच होतं त्यांना धाब्यावरची माती कमी करण्याचा आणि कोपरे बांधून घेण्याचा सल्ला दिला. सल्ला फार थोड्यांनी मानला. पैशांचा प्रश्न आहे, आणि धाबं उन्हाळ्यात घर थंड ठेवतं हेही खरं.

परिणाम

नाल्याचा काठ तिरका करून दगड भरलेली तारेची जाळी बसवली. भेग चिकणमाती ठोकून भरली. चार घरांपैकी तीन कुटुंबांना गावठाणात जागा मिळाली. एक कुटुंब दिवाळीनंतर परत काठावर राहायला गेलं. अफवा आठवड्यात विरल्या.

चढाचं काय झालं ते सांगायला हवं. तो चार शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यात विभागलेला आहे. "भूकंपाची जमीन" असा शिक्का बसला तर भाव पडेल, आणि मुलींच्या लग्नाला तीच जमीन गहाण ठेवायची असते, ही भीती सगळ्यांनी बोलून दाखवली. म्हणून जागेचं नाव वर्तमानपत्रात न देण्याचं ठरलं. बदल्यात आबांनी आणि आणखी एकाने आपल्या वाट्याचा चढ चर खोदेपर्यंत सपाट न करण्याचं कबूल केलं. तिसऱ्याने त्याच हिवाळ्यात जेसीबी लावून तो खाली आणला, मुरूम विकला आणि तिथे कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी, लावली. चौथ्याकडे मुरुमाची जुनी खाण होती. तिच्या उभ्या भिंतीत थर स्वच्छ दिसत होते. तीही त्याच सुमारास भरली गेली.

काय वेगळं करता येईल

सगळ्यात मोठं नुकसान त्या खाणीच्या भिंतीचं. ती आयती उघडी होती, नव्याने खोदायचीही गरज नव्हती. अशी भिंत दिसल्याबरोबर, परवानगी आणि निधीची वाट न पाहता, तिचे मोजपट्टी लावून फोटो घ्यावेत, थरांची रेखाटणं करावीत आणि कोळशाचे तुकडे दिसले तर जागेच्या नोंदीसह जपून ठेवावेत. केळीच्या पट्ट्यात मुरुमाच्या खाणी, विहिरींचे खड्डे, शेततळी, रस्त्यांचे कापलेले काठ सतत उघडत आणि बुजत असतात. विहीर खोदणाऱ्या माणसाला काय बघायचं ते दाखवलं तर तो भूशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त जागा दाखवील.

दुसरं, सपाटीकरणाआधीची जमीन कशी होती हे जुन्या चित्रांत शोधायला हवं. अमेरिकेने साठच्या दशकात हेरगिरीसाठी घेतलेली कोरोना उपग्रहचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत ठिबक आणि जेसीबीच्या आधीचं शिवार दिसतं. इथल्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूनकाशावर, समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वीस मीटर उंचीच्या अंतराने आहेत. चार मीटरची पायरी त्यांत हरवते. दर तीस मीटरला एकच उंची देणाऱ्या उपग्रहाच्या उंची-नकाशांतही ती नीट दिसत नाही.

तिसरं, शाळा आणि टाकी यांचा प्रश्न एकाच बैठकीत यायला हवा होता. दोन खात्यांची कामं म्हणून ते वेगवेगळ्या दिवशी आले, आणि टाकीचा विषय आला तेव्हा पाया भरायला सुरुवात झाली होती. महिनाभर आधी विचार झाला असता तर टाकी चाळीस-पन्नास मीटर उत्तरेला नेणं सहज जमलं असतं आणि उंचीही टिकली असती.

आबांच्या शेतात चर खोदायचा प्रस्ताव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पाठवला आहे. आबांची अट एकच: केळीचा शेवटचा घड निघाल्यावर आणि पुढची लागवड होण्याआधी काम संपलं पाहिजे. मधे साधारण दीड महिना मिळतो. चढाला आडवा, तीस मीटर लांब आणि तीन-चार मीटर खोल चर, भिंतींवर एक मीटरची दोरीची जाळी, आणि वाळूच्या थरांतून उजेड न लागू देता काढलेले नमुने. थर तुटलेले निघाले नाहीत तर तेही गावाला याच सभेत सांगायचं ठरलेलं आहे.